न्हावरे मुक्कामीं दाणेदार छत उतरविल्याची हकीकत

श्री म्हाळसाकांत समर्थ. शके एकोणीसशें सव्वीस, प्रांत शिरूर, मौजे न्हावरे येथील राजेश्री मल्हारजी धनगर यांचे दिवाणखान्याचे छतावरून जो प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहिला असे. हसणारानें आधीं आपल्या घरचें छत पाहावें, मग हसावें.

मल्हारजी खासे कुरकुंभास औषधांचे कारखान्यांत चाकरीस. दौंडास एका लग्नांत मंगल कार्यालयाचें दाणेदार छत त्यांनीं पाहिलें आणि जेवण सोडून वरच बघत बसले, मग नवें घर बांधितां परमुलखांतील कारागीर आणविले, आणि त्यांनीं यंत्रानें पीओपी फवारून छतभर भिजल्या साबुदाण्यासारखे दाणे उठविले. वास्तुशांतीस जागरण जाहलें, वाघ्या-मुरळी नाचलीं, आणि भाऊबंदांनीं येळकोट येळकोट करीत मुठी भरभरून भंडारा वर उधळला. छत सपाट असतें तर भंडारा मुकाट खालीं येता. परंतु ती हळद दाण्यादाण्यांत शिरून बसली, आणि पंखा लाविला कीं झरूं लागली. चहांत भंडारा, दुधांत भंडारा, पाहुण्यांचे टकलावर भंडारा!

इतक्यावर भागतें तर बखर कोण लिहितो? कारखान्यांत पांढरी टोपी, पांढरा डगला, कणभर धूळ चालत नाहीं. मल्हारजींचे कानामागें पिवळें सांपडलें आणि सुपरवायझरसाहेबांनीं गेटावरूनच माघारीं धाडिलें. पुन्हां तेंच जाहलें. मग हुकूम सुटला कीं, आणखी एकवार पिवळें दिसलें तर कायम होणें विसरावें आणि घरीं बसावें. कायमचे यादींत नांव यावें म्हणोन मल्हारजींनीं उमेदीचीं वर्षें रात्रपाळ्यांत घातलीं होतीं. त्यांची झोंपच उडाली.

मसलत बैसली. कबिला प्रतिभाबाई यांचें मत पडलें कीं, छत आजच्या आज खरवडावें. परंतु मातोश्री बयाबाईसाहेब यांनीं दारांत घोंगडी टाकिली, तीवर बैठक मारिली आणि फर्माविलें, "देवाचा भंडारा हाय त्यो. त्याला खरवडायचा न्हाई, झाडू लावायचा न्हाई, कुनाच्या पायाखाली यायचा न्हाई. लावा हात, म्हंजी बघते!" प्रतिभाबाईंनीं अर्ज गुजारिला, "आत्या, ह्यांची नोकरी जाईल वो." जबाब आला, "देव बघंल." आतां ह्यापुढें कोणाची तोफ चालणार?

मग मल्हारजींनीं गनिमी कावा योजिला. खरवडायचें नाहीं ना? मग झांकूं. मातोश्री बाजारास गेल्या ही संधि साधून चुलतबंधू जालिंदरजी शिडी आणि चुन्याची बादली घेऊन कुमकेस आले, आणि दोघांनीं सपासप हात मारिले. अरे, पण हळदीला चुना लागला कीं काय होतें हें घरोघरच्या बायकांस ठाऊक, ह्या दोघां शूरांस तेवढें ठाऊक नव्हतें! बघतां बघतां छताचें कुंकू जाहलें. लालभडक! थेंब टपटप फरशीवर पडूं लागले. जालिंदरजींनीं शिडीवरून उडी टाकिली ती थेट उसांत दडी मारिली. मल्हारजी ब्रश धरून आ वासून उभे, इतक्यांत मातोश्री भाजीची पिशवी घेऊन दारांत.

बयाबाईसाहेबांनीं वर पाहिलें. पिशवी खालीं ठेविली आणि हात जोडिले, डोळे भरून आले, आणि मग त्या बोलल्या, "बानाई आली रं, देवाला घ्यायला!" पुढें खुलासा ऐसा केला कीं, देव जन्मभर मेंढरांमागें उन्हातान्हांत हिंडलेला, त्यास आपण पंख्याखालीं कोंडिला, म्हणोन त्याची धनगर राणी बाणाई मळवट भरून न्यावयास आली. "जाऊ द्या त्याला माळाला. पर मानानं." हळद-चुन्याची गोष्ट प्रतिभाबाईंचे अगदीं ओठांवर आली होती, ती त्यांनीं गिळिली. शाबास ती सून!

मग काय विचारतां! खालीं घोंगड्या आंथरिल्या, फवारणीचे पंपानें छत भिजविलें, जालिंदरजीही खालमानेनें परतले, आणि दोघे बंधू पत्र्यानें छत खरवडूं लागले. मातोश्री खालीं उभ्या राहून कण न कण घोंगडीवर घेत, एक म्हणून पायदळीं येऊं दिला नाहीं. मग गोण्या भरून ट्रॅक्टरवर चढविल्या, पुढें ढोल लाविला, आणि देवास बिरोबाचे माळावर पोंचविलें. छतास पुट्टी फिरली, रंग फिरला, आणि दिवाणखाना तळहातासारखा सपाट जाहला.

पाळीचे दिवशीं मल्हारजी निघतात तों मातोश्री मूठ आंवळून उंबऱ्यावर उभ्या. मुठींत भंडारा! प्रतिभाबाई पदर सांवरून आडव्या यावयास धांवल्या. परंतु बयाबाईसाहेबांनीं लेकाचा शर्ट वर केला, बनियन वर केला, आणि भंडारा पोटावर चोळून म्हणाल्या, "टोपी बघत्यात नव्हं ते? प्वाट कोन बघतंय?"

गेटावर टोपी तपासली, कान तपासले, कॉलर आणि बाह्या तपासल्या. कांहीं सांपडलें नाहीं. येणेंप्रमाणें छत फत्ते जाहलें, मल्हारजी कायम जाहले, आणि देव लेकाचे पोटाशीं राहिला.