एका बटणात गायब झालेलं गाणं

क्लाउड जोडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

"फक्त एक बटण!" शुक्रवारी सकाळी मी अख्ख्या ऑफिसला ऐकवलं. "आपल्या सर्व्हरच्या सगळ्या फाईली यापुढे क्लाउडवर. जोडणी माझी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, करणार; आपण केक खायचा!"

आमच्या प्रमुख गुड्रुनबाई त्याच दिवशी निवृत्त होत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे येप्पे, आजच?"

"आजच! जाताना नवं कोरं क्लाउड बघून जा!"

स्क्रिप्टला त्यांची मंजुरी मिळाली. मी बटण दाबलं. पटापट हिरव्या खुणा उमटल्या. मी खुर्चीतच नाचलो!

तेवढ्यात माझी सहकारी सिग्ने धावत आली. "अरे, गाणं कुठंय?"

गाणं! आमच्या डेन्मार्कमध्ये निरोपाला गाणं नाही म्हणजे लग्नाला नवराच नाही. बाईंपासून लपवून आम्ही सगळ्यांनी कडवी रचली होती. दुपारी केक कापताना गायचं होतं, आणि छापायचं अजून बाकी!

गाण्याचा फोल्डर रिकामा. सगळेच रिकामे! स्क्रिप्टमध्ये मी क्लाउडवर सरावासाठी बनवलेल्या रिकाम्या साठ्याचं नाव तसंच राहिलं होतं. फाईली सुखरूप होत्या, पण सर्व्हर भलत्याच घरात शोधत होता.

"हात्तिच्या!" मी सर्व्हरवर हातानं नाव बदललं. गाणं परत! सिग्ने प्रिंटरकडे धावली आणि तिथून किंचाळली, "पुन्हा गेलं!"

कारण कोणी हात लावला की सगळं पूर्ववत करायचं, हेच स्क्रिप्टचं काम. मी बदलायचो, ती पुसायची!

"असली हट्टी बया लिहिली कुणी?"

"मीच!"

"मग तिच्यातच बदल कर की!"

"त्याला बाईंची मंजुरी लागते. नियमही माझाच!"

सिग्नेनं कपाळावर हात मारला. मी मान खाली घालून बाईंच्या खोलीत गेलो.

त्यांनी शांतपणे खण उघडला. आत छापलेल्या गाण्यांचा गठ्ठा!

"तुझी चूक सकाळीच दिसली होती," बाई म्हणाल्या. "आधी गाणं छापलं, मग मंजुरी दिली. शेवटच्या दिवशी थोडी गंमत नको?"

"पण... गाणं तर तुमच्यापासून लपवलं होतं!"

"माझ्याच सर्व्हरवर?"

दुपारी आम्ही घसा फोडून गायलो. बाईंचे डोळे पाणावले, माझेही. मग शेवटचं कडवं आलं. ते आमच्यापैकी कोणीच लिहिलेलं नव्हतं. छापील ओळींखाली पेनानं लिहिलेलं, अक्षर बाईंचं आणि विषय मी!

तेवढं एक कडवं सगळ्यांनी दोनदा गायलं.