भालेरावांचा पाट

मीटिंगला सगळे फाइली घेऊन यायचे. आमचे भालेराव पाट घेऊन यायचे. लाकडी, वीतभर उंचीचा, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला; बसची पायरी एवढीच हवी, हे दाखवायला.

शहर बसच्या ऑफिसात ते माझ्या शेजारच्या टेबलावर. साहेबांनी नकाशावर नवा मार्ग आखला, की हे विचारणार, "सायेब, चढून बघितलंय का?" स्वतः रोज बसनं यायचे, तेही दहा किलो बाजरीची पिशवी घेऊन. रिकाम्या हातानं बस कळत न्हाई, म्हणायचे. संध्याकाळी पिशवी तशीच घरी. आम्ही पोट धरून हसायचो. त्यांची नक्कल करायचा मान माझा, आणि मी ती झकास करायचो.

पुढं विजेच्या बस घ्यायचं ठरलं. त्या कामाच्या प्रमुखात काय गुण हवेत, हे लिहायला साहेबांनी मला बसवलं. मी दोन पानं ठोकली: दूरदृष्टी, नेतृत्व, पर्यावरणाचं भान. भालेरावांनीही अर्ज केला होता. त्यात एकच ओळ होती, बस घेण्याआधी पायरी मोजू द्यावी. अर्ज चाळायचं कामही माझ्याकडंच होतं. मी शेरा मारला, 'प्रामाणिक, पण तऱ्हेवाईक.' पद दुसऱ्याला मिळालं. बस आल्या, गारेगार, बिनआवाजाच्या. पायरी मात्र पार गुडघ्याच्या वर.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. गेल्या महिन्यात माझा गुडघा धरला आणि माळीवाड्याच्या थांब्यावर बसपुढं माझा पाय उचलेना. कुणीतरी खाली पाट सरकवला. बघतो तर भालेराव. रोज सकाळी तिथंच असतात म्हणे. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी ती बस सोडून दिली आणि त्यांच्या शेजारी बसलो.

ते सांगू लागले. त्यांच्या बायकोची बहीण भिंगारला. बाजरी घेऊन बहिणीकडं एकटीनं जायचं, हा बाईंचा एकुलता एक शौक. मग गुडघे गेले. रिक्षा नको, नवऱ्याचा हात नको, पाटही नको, लोक बघतात. "म्हनायची, तुमी एवढे बसच्या हापिसात, पायरीच खाली आना की. नवी बस आली तवा पिशवी घेऊन गेली हुती थांब्यावर. तशीच माघारी आली. मंग कुटं गेलीच न्हाई." बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या.

मला राहवलं नाही. त्या शेऱ्याचं मी सांगून टाकलं.

"वाचला हुता मी तवाच," भालेराव म्हणाले. समोर दुसरी बस येऊन थांबली होती. त्यांनी वाकून पाट पायरीखाली नीट बसवला आणि माझ्या कोपराला हात लावला.

"चढा सावकाश. मी हाय."