पाच-चार, मन्या पुढे

सामंतकाका टेनिस खेळायला बसले की आधी बूट घालत. 'बसले' हे मी विचारपूर्वक लिहिते आहे, कारण हे टेनिस ते सोफ्यावर बसून, टीव्हीच्या व्हिडिओ गेमवर खेळत. कमरेला लुंगी, अंगात गंजीफ्रॉक आणि पायांत मोज्यांसकट पांढरे कॅनव्हासचे बूट.

बोळिंजच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही नवीन राहायला आलो आणि मी समोरच्या दारात वाटी घेऊन विरजण मागायला गेले. काकांनी वाटी बाजूला ठेवली आणि माझ्या हातात रिमोट दिला. "बस. पलीकडची बाजू तुझी." मी सहा-शून्य हरले. विरजण मिळालं, पण तोवर घरचं कोमट दूध गार झालं होतं.

"काका, हलतो तो अंगठा. मग बूट कशाला?" मी विचारलं.

"अंगठ्याला जोर कुठून येतो? पायांतून!"



हा गेम त्यांनी मन्यासाठी, म्हणजे एकुलत्या एका मुलासाठी, तो दहावी पास झाल्यावर तुळिंजच्या बाजारातून आणला होता. कॅसेटवर 'नव्व्याण्णव खेळ' असं छापलेलं. त्यातले खरे सात. बाकीचे तेच, नावं बदलून. मन्याला ते सातही लवकरच पुरे झाले. काकांना मात्र टेनिस चिकटलं ते चिकटलं. पुढे मन्या नोकरीसाठी मस्कतला गेला आणि तिथून त्याने एक नव्या पद्धतीचा गेम पाठवला. त्यातली माणसं अगदी खरी दिसायची. काकांनी तो एकदा लावला आणि कपाटावर ठेवून दिला.

"त्यातली माणसं घाम पुसतात गं. बघूनच मला दम लागतो. आपल्याला दोन बटणं बास. एक वरून मारायचं, एक खालून. आयुष्यात तिसरं बटण लागलं नाही कधी."

त्यांच्या घरात खेळाचे कायदे कडक होते. चेंडू उडवायच्या वेळी स्वयंपाकघरातला मिक्सर बंद. "सर्व्हिस चालू आहे!" अशी आरोळी गेली की काकू आतून म्हणायच्या, "इतकी वर्षं सरकारात केलीत तेवढी पुरे नाही झाली?" पण मिक्सर बंद करायच्या. दर दोन गेमनंतर पडद्यावरचे खेळाडू बाजू बदलत, तेव्हा आम्हीही उठून सोफ्यावरच्या जागा बदलायच्या. पडद्यावर उंच खुर्चीत बसलेल्या ठिपक्याठिपक्यांच्या पंचाला काका 'भाऊसाहेब' म्हणत. "भाऊसाहेब, रेषेवर होता हो चेंडू!" भाऊसाहेब ढिम्म. मग काका मान खाली घालून म्हणत, "पंचांचा निर्णय मान्य."

सगळ्यात कडक कायदा लाइटीचा. आमच्याकडे तेव्हा लाइट जायची, आणि भरपूर जायची. ती गेली की त्या गेमचं डोकं कोरं व्हायचं. परत आली की शून्य-शून्यपासून सुरुवात. कुणीही शहाणा माणूस नवी मॅच खेळला असता. काकांना ते मंजूर नव्हतं. "चार-दोन होते. चार-दोनच पाहिजेत." मग त्यांचे चार गेम होईपर्यंत मी रिमोट मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचं आणि माझे दोन होईपर्यंत त्यांनी. जुना स्कोअर लागला की खरा खेळ सुरू. या मुद्दाम हरण्याच्या वेळात मी कित्येकदा लसूण सोलला आहे. काकांनी मात्र त्यात कधी एका गुणाचीही लबाडी केली नाही. मी विसरले आणि ते मागे असले, तरी आपला तोटा स्वतः सांगायचे.

आणि बुटांच्या नाड्या मॅच संपल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मॅच अर्धी राहिली तर टाचेने टाच दाबून बूट तसेच, बांधलेल्या नाड्यांसकट काढायचे.

टीव्हीशेजारी असाच एक जोड ठेवलेला असायचा. रोजचा नव्हे, दुसरा. नाड्या बांधलेल्या, वर धूळ. मी एकदा पुसायला घेतला तर काका ओरडले, "हात लावू नकोस! मॅच चालू आहे."

"कुणाशी?"

"मन्याशी. पाच-चार. मन्या पुढे."

मन्या मस्कतला निघाला त्या दिवशी बापलेक खेळत होते. लाइट गेली, ती यायच्या आत गाडी आली. त्याला तीन वर्षं झाली होती. फोनवर काका तब्येत, पगार काही विचारायचे नाहीत. "पाच-चार आहेत, लक्षात आहे ना?" एवढंच. काकू आत जाऊन उगाच भांडी आवाज करत लावायच्या.

अखेर मन्या आला. आठ दिवसांची रजा. त्यातले सात नातेवाइकांनी खाल्ले. निघायच्या दिवशी दुपारी काकांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. धुळीचे बूट नाडी न सोडता पायांत चढेनात, तेव्हा काकूंनी भाताचा डाव टाचेमागे घालून ते चढवले. "धुवून घेईन नंतर," त्या मला म्हणाल्या. त्या घरी भात खायचं मी बरेच दिवस टाळलं.

"बाबा, सरळ नवी मॅच खेळू या ना," मन्या म्हणाला.

"पाच-चार म्हणजे पाच-चार."

मग ते दोघे आळीपाळीने, गंभीर चेहऱ्याने एकमेकांशी हरत बसले. पाच-चार लागले आणि खरा खेळ सुरू झाला. पाच-पाच झाले. मग सहा-पाच, मन्या पुढे. आणखी एक गेम आणि मॅच त्याची.

काका उठले. "जरा खाली पाय मोकळे करून येतो."

मीही माझ्या घरी कुकर बघायला गेले. इतक्यात समोरून मन्याचा आवाज आला, "आई, लाइट गेली!"

मी वर पाहिलं. माझा पंखा गरगर फिरत होता.

जिन्यात येऊन वाकून पाहिलं, तर खाली मीटरबोर्डापाशी पांढरे बूट. ज्या माणसाने आयुष्यात एक गुण चोरला नाही, त्याने आपल्या घराचा खटका खाली ओढला होता. ते वर आले तेव्हा मी दारातच होते. काका माझ्याकडे बघेनात.

"तुमच्याकडे आहे का लाइट?" मन्याने मला विचारलं.

"छे! आमच्याकडेही गेली," मी म्हणाले, आणि घरात धावत जाऊन पंखा बंद केला.

लाइटीची वाट बघता बघता गाडी आली. मन्या बॅग घेऊन उतरला, आम्ही मागोमाग. मीटरबोर्डापाशी तो थांबला. सगळ्या खटक्यांत एकच खाली होता, त्यावर 'सामंत' लिहिलेलं. त्याने तो पाहिला. हात लावला नाही.

"बाबा, सहा-पाच," तो म्हणाला. "मी पुढे. येतो पुढच्या दिवाळीला."



वर आल्यावर काका सोफ्यावर बसले. टाचेने टाच दाबून एक बूट काढला, मग दुसरा, आणि नाड्यांना हात न लावता तो जोड टीव्हीशेजारी ठेवून दिला.