पेडणेकरांचं विलायतेतलं घर

कुवेतमधल्या अब्बासियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये प्रत्येकाच्या पलंगाशी कुठला ना कुठला देव होता. पेडणेकरांच्या पलंगाशी इंग्लंडमधल्या एका चर्चच्या आवारातलं लाकडी घर होतं. फोटोत. रोज आंघोळ करून ते त्याला उदबत्ती ओवाळत. भोवती थडगी आहेत, हे कुणी दाखवून दिलं तर म्हणत, "शेजार शांत आहे."

पेडणेकर सावंतवाडीकडचे, आमच्या कंपनीत स्टोअरकीपर. आखाती लढाईनंतर कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. तिथे त्यांनी लंडनबिंडन काही पाहिलं नाही. पाहिलं ते हे घर. जेमतेम दोन खोल्यांचं, काळ्या तुळयांचं, मधे चुन्याचा गिलावा आणि सगळंच एका अंगाला कललेलं. "चारशे वर्षं तसंच आहे," ते सांगत, जणू खांब यांच्या पणजोबांनीच रोवले होते. लिफ्ट बंद पडली, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रखडला, कशावरही त्यांचं एकच उत्तर : "धीर धरा. त्या घराकडे बघा." आम्ही त्यांना पाठीमागे घरमालक म्हणत असू.

पुढे ट्रेनिंगला जायची पाळी माझ्यावर आली. पेडणेकरांनी पत्ता माझ्याकडून घोकून घेतला. "जोशी, फोटो मागच्या बाजूचा घ्या हां." मी पुढून भरपूर फोटो काढले. मागे चिखल होता, म्हणून तिथला एकच उरकला.

मी परत आल्यावर त्यांनी पुढचे सगळे बाजूला सारले आणि चिखलातला तेवढा उचलला. त्यात मागच्या दाराची दगडी पायरी आली होती.

"आहे हां अजून," ते म्हणाले. मग मी न विचारताच सांगू लागले. ट्रेनिंगला असतानाच गावी त्यांची बायको गेली. जाणं जमलं नाही. दिवस भावाने केले, पण दहाव्याला कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा करावा लागला. हे त्यांना फोनवर कळलं.

"हॉटेलातून भात आणला नि ह्या पायरीवर ठेवला. कावळे तिकडे रग्गड. समोर बसले, पण एक पुढे येईल तर शपथ. मुलीला शिकवीन म्हटलं. दारू सोडीन म्हटलं. नुसते बघत राहिले."

"मग?"

"लग्नापासून ती एकच मागत होती. आपला पगार कमी, फॅमिली व्हिसा कोण देणार? दर सुट्टीत सांगायचो, पुढच्या वर्षी." त्यांनी फोटो शर्टाला पुसला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"शेवटी म्हटलं, चल गो, कुवेताक चल माझ्यावांगडा. कावळो शिवलो."