वाढत्या अंगाचा पाइप

"या शर्टाला डिझेलचा वास येतोय," असं म्हणत मास्तरांच्या बायकोने गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा शर्ट थेट मास्तरांच्या नाकाखाली धरला.

मास्तर म्हणजे शिंपी. अख्खी गल्ली त्यांना सैल मास्तर म्हणे, आणि ते उगीच नव्हे. शिवणीत जे जादा कापड आत सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. इतर शिंपी बोटभर माया सोडत, मास्तर वीतभर सोडत, आणि वर कपडाही ढगळ बेतत. "वाढत्या अंगाचं आहे, पुढच्या वर्षीही होईल," हे त्यांचं ब्रीद. ते इतकं खरं ठरे, की पहिलीतल्या पोराचा शर्ट त्याला तिसरीतही होई आणि मग धाकट्या भावाला पुरे. पालक आशीर्वाद देत. नवे कपडे मात्र कुणी शिवायला टाकत नसे. आशीर्वादावर दुकान चालत असतं तर मास्तरांचे चार मजले झाले असते.

यंदा शाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "मास्तर, मुलं गणवेशात हरवतात हो. मापात शिवा, आणि वाटपाच्या सकाळी अकराच्या आत आणा. नाहीतर पुढच्या वर्षी तयार कपड्यांच्या दुकानात सांगेन." मास्तरांनी बायकोसमोर गळ्याची शपथ घेतली होती. पॅन्टच्या खालच्या दुमडीसुद्धा, एरवी बायकोवर ढकलायचं ते काम, त्यांनी यंदा स्वतः बसून घातल्या.

आणि आज, वाटपाच्या सकाळी, दारातली म्हातारी पिकअप गळत होती. टाकीकडून फिल्टरला डिझेल आणणारा रबरी पाइप तडकला होता. मेकॅनिक सासुरवाडीला गेलेला. जाताना तो नवीन पाइपाचा तुकडा ठेवून गेला होता आणि बजावून गेला होता, "दोन्ही पाइप बदला. फिल्टरकडून इंजिनाच्या पंपाला जातो तोही."

"पाइप म्हणजे काय गं? बाहीच ती! दोन्ही टोकांना क्लिपा, म्हणजे कफ," मास्तर बाह्या सरसावत म्हणाले.

"अहो, माझ्या कात्रीने नका कापू!"

तोवर कापला होता. टेपने माप घेतलं होतं, अगदी काटेकोर. पण कात्री चालवताना हात आपोआप पुढे सरकला. गणवेशांवर महिनाभर आवरून धरलेला हात तो, कुठेतरी सुटायचाच.

"एवढा लांब?" बायकोने विचारलं.

"जरा सैल बरा. ताण बसत नाही."

"पाइप काय पुढच्या वर्षी वाढणार आहे?"

मास्तरांनी वाकून पाइप बसवला, क्लिपा आवळल्या. एवढ्या लांबीत सगळा तुकडा संपला, म्हणून दुसऱ्या पाइपाला त्यांनी वरवर दाबून पाहिलं आणि "याला अजून वर्षभर मरण नाही" असं जाहीर केलं. फिल्टरवरचा हातपंप दाबून आतली हवा काढली. गाडी खोकली आणि सुरू झाली. वासाचा शर्ट बाजूला काढून गठ्ठे चादरीत बांधले, मागे टाकले आणि दोघं निघाली.

चढावर गाडीने आचके दिले आणि ती मध्येच बसली. बॉनेट उघडलं, तर नवा पाइप इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडून, पाय गुडघ्यात मोडावा तसा मोडला होता. डिझेलला वाटच उरली नव्हती.

"झालं तुमचं सैल!" बायको म्हणाली. मागून एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच उभा होता. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो हात काढून आपणहोऊन वळसा घालून गेला. मग पिशवीतून कात्री काढून तिने पाइपाचा वाढीव तुकडा कचकन कापला. ओंजळभर डिझेल सांडलं. मास्तरांनी क्लिप आवळली. पाइप आता कसा सरळ, मापात.

"दाबा आता तो हातपंप. आणि गप्प दाबा."

मास्तरांनी दाबला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा, ज्याला वर्षभर मरण नव्हतं तो दुसरा पाइप मधोमध फाटला आणि मास्तरांची मिशी डिझेलने न्हाली.

 चढावर, भर उन्हात, मागे शाळेचे गठ्ठे, आणि जवळपास एकही दुकान नाही. "गेली ऑर्डर," मास्तर पुटपुटले आणि फुटपाथवर बसले.

बायकोने हातातल्या वस्तूकडे पाहिलं. मघाशी कापलेला तो तुकडा फेकायचा म्हणून अजून तिच्या मुठीतच होता. तिने तो फाटक्या पाइपाला लावून पाहिला. टोकाला टोक. जणू त्याचंच माप घेऊन कापलेला.

"उठा," ती म्हणाली. "आणि एक शब्द बोलू नका."

मास्तर उठले. एक शब्द बोलले नाहीत. पण क्लिपा आवळताना त्यांची ओली मिशी जी पसरत गेली, तिला कोण आवरणार?

अकराला पाच कमी असताना गाडी फाटकातून आत शिरली. मोठ्या बाईंनी पहिल्याच पोराला गणवेश घालून उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खांदे चाचपले. 

"वा! अगदी मापात," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही तुम्हीच."

परतताना गाडी मांजरीसारखी गुरगुरत चालली होती. बायको खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "दुमडी तुम्ही स्वतः घातल्या यंदा."

"हं."

"कशाला?"

मास्तरांनी गिअर बदलला. गरज नसताना.

"आत किती सोडलंय?"

मास्तरांनी स्टिअरिंगवरून चार बोटं उचलून दाखवली आणि मान खांद्यांत ओढून घेतली.

 बायकोने पदराला हात पुसले, त्यांचा वास घेतला, नाक मुरडलं. तेवढ्यात चढावरची ती मघाची जागा आली आणि गाडी न थांबता पुढे निघून गेली.

"चारच?" ती म्हणाली. "पोरं वाढतात हो."