ससाणे आणि स्वेटरची बाही

"मीपण येते आज डोंगरावर. बघू तरी एवढं काय ठेवलंय तिथे," असं काकूंनी चहा गाळता गाळता जाहीर केलं आणि काकांना मोठा थर्मास शोधावा लागला.

दर शरदात उत्तरेकडचे ससाणे थव्याथव्याने त्या डोंगरावरून दक्षिणेला जात आणि पक्षीमंडळातर्फे ते मोजायला काका माथ्यावरच्या खडकावर बसत. जन्मभर लोकांना चष्मे करून दिलेला माणूस. पण यंदा मंडळाच्या अध्यक्षाला नेमकी काकांच्याच नजरेबद्दल शंका यायला लागली होती. अध्यक्ष दातांचा डॉक्टर होता. "मी समोरच्या टेकडीवरून मोजतो, संध्याकाळी आकडे जुळवू. नाही जुळले तर काका, खडक दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल," असं तो फार गोड आवाजात म्हणाला होता. दाढ उपटण्याआधीही तो असाच गोड बोलतो, हे काकांना अनुभवाने ठाऊक होतं.

काकू आल्या त्या नातवाच्या स्वेटरसकट. बाही त्यांनी खडकावर बसल्यावरच सुरू केली.

"अहो, तो बघा एक! मोजा ना!"

"अगं, तो घिरट्या घालतोय. गरम हवेबरोबर वर चढेल, मग सरळ दक्षिणेला सुटेल. सुटला की मोजायचा. घिरट्या मोजल्या तर एकाचे दहा व्हायचे."

"आणि नाही सुटला तर?"

"सुटतो गं!"

"रात्री झोपतात कुठे? पोरंबाळं बरोबर नेतात का? आणि समोरची टेकडी का दिसत नाहीये?"

"ढग बसलाय तिच्यावर. आता गप्प बस. गेला!" असं म्हणून काकांनी काउंटरचं बटण दाबलं.

बोटाने दाबायचा तो छोटा काउंटर. काकूंकडेही हुबेहूब तसाच होता, विणलेल्या ओळी मोजायला. काकांचा बघूनच त्यांनी त्याच दुकानातून आणला होता. चहा पिताना दोघांनी आपापला काउंटर खडकावर ठेवला आणि आभाळावरची नजर न हटवता हाताला लागला तो उचलला. चहा काही एकदाच झाला नाही. थर्मास चांगला मोठा होता.

दुपार कलल्यावर काकूंनी हातातला आकडा पाहिला. "अगंबाई! इतक्या ओळी? ही बाही पोराच्या गुडघ्याला लागेल!" बाही तशी लांब दिसत नव्हती, पण यंत्र कशाला खोटं बोलेल? त्यांनी सरसर निम्मी बाही उसवून टाकली.

तेवढ्यात काकांनी आपला आकडा पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं. "सकाळी याच्या दुप्पट होते गं! ससाणे काय परत गेले?"

दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं.

"तुम्ही माझा उचललात!"

"मी? तूच उचललास! संपलं सगळं. गेला माझा खडक."

काकांचा आवाज खरोखरच कापला. तो ऐकून काकू विरघळल्या. "रडू नका हो. दोन्ही आकड्यांची बेरीज करा. त्यातून माझ्या ओळी वजा केल्या की उरले ते तुमचे ससाणे."

काकांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "मग मोज ना ओळी!"

"उसवल्या ना!" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. मग त्यांनी लोकर निरखली. "थांबा. उसवलेली लोकर वाकडीतिकडी झालीये. तेवढीच परत विणते. सरळ लोकर लागली की थांबायचं. ओळी तेवढ्याच होणार!"

डॉक्टर धापा टाकत माथ्यावर आला तेव्हा काकू झपाझप विणत होत्या आणि काका लोकरीचा गुंडा छातीशी धरून बसले होते.

"काका, हे काय?"

"मोजणी चालू आहे. हलू नका."

"लागली सरळ लोकर!" काकू ओरडल्या. ओळी मोजून झाल्या, वजाबाकी झाली आणि काकांनी जीव मुठीत धरून आकडा सांगितला.

डॉक्टरने आपला काउंटर तळहाताच्या आडोशाने पाहिला. "कमाल आहे! अगदी जुळला. एकाचाही फरक नाही."

काकांचे डोळे भरून आले. काकूंची उत्सुकता मात्र काही स्वस्थ बसेना. "एकाचाही नाही? बघू बघू," म्हणत त्यांनी डॉक्टरचा काउंटर खिशात जायच्या आत त्याच्या हातातून काढून घेतला. त्यावर नुसती शून्यं होती.

"दिवसभर ढगात होतो हो काकू," डॉक्टर खाली मान घालून म्हणाला. "ससाणे सोडा, मला माझे बूट दिसत नव्हते. पण अध्यक्षाने असं सांगायचं कसं?"

काकांनी फक्त रुमालाने चष्मा पुसला, सावकाश, दोन्ही बाजूंनी.

"मग पुढच्या वर्षी खडक कुणाचा?" काकूंनी विचारलं.

"काकांचाच! त्यांचाच!"

"दोघांचा," सुया पिशवीत घालत काकू म्हणाल्या. "रात्री झोपतात कुठे, ते या माणसाने मला अजून सांगितलेलं नाही."