हाव, पण कापतंय का?

मानवी संस्कृतीचा सगळा इतिहास हा धारेचा इतिहास आहे. हा गंभीर विचार मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्याच स्वयंपाकघरात, आणि तो मांडणाऱ्याच्या हातात आमचा एक चिरडलेला टोमॅटो होता. त्यांचे मूळ शब्द असे होते: "सर, माकडाचा माणूस झाला तो धारेमुळं. तुमी परत तिकडंच निघालाव."

वैजनाथअप्पा आमचे शेजारी. औशाच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि लातुरात औसा रोडच्या आमच्या कॉलनीत घर बांधून राहिले. लोक निवृत्तीनंतर देवाचं करतात, नातवंडांचं करतात, काही जण आत्मचरित्र लिहितात. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे शेवटच्या प्रकारातली बरीच माणसं मला सोसावी लागली. अप्पांनी मात्र सुऱ्या धरल्या.

कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी म्हणायचे, "सुरी दावा." सुरी आली की वर्तमानपत्र मागायचे, आणि त्यातलंही नेत्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारं पानभर रंगीत जाहिरातीचं पान. ते डाव्या हातात उभं धरून वरून सुरी ओढायची. धार चांगली असेल तर सगळे कार्यकर्ते सरळ रेषेत एकमेकांपासून वेगळे होत. बोथट असेल तर एकमेकांत गुंतून फाटत. राजकारणाचा इतका स्वच्छ अभ्यास मी पुस्तकांत वाचलेला नाही.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असे. नवा उड्डाणपूल झाला, कुणाला इंजिनिअर जावई मिळाला, मी एकदा वाचनसंस्कृतीवर तासभर भाषण दिलं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाव, समदं खरं. पण कापतंय का?" 

त्यांची ओसरी म्हणजे कारखानाच होता. ओल्या पोत्यावर कुरुंदाचा दगड, एक बाजू खरखरीत, एक मऊ. दाराच्या चौकटीला खिळ्यावर अडकवलेला कचेरीतला कमरेचा कातडी पट्टा, त्यावर शेवटचा हात फिरवायचा, तोही उलटा, म्हणजे धार मागे ठेवून. शेजारी खोबरेल तेलाची बाटली. विळा, कोयते, कुऱ्हाड, खुरपी, आणि बाभळीच्या मुठीची एक शेतातली सुरी. रेणापूरकडे त्यांचं थोडं रान आहे, पुतण्या बालाजी कसतो. पण ही सुरी खिशात घेतल्याशिवाय अप्पा कधी तिकडे गेले नाहीत.

त्यांचे नियम कडक होते. लिंबू कापलं की सुरी तिथल्या तिथे पुसायची. रानातून आल्यावर चिखल वाळू द्यायचा नाही. कातडी म्यान फक्त वाटेपुरतं, घरी आलं की सुरी बाहेर, कारण कातडं ओल धरतं. कोयत्याची धार जाड, सुरीची बारीक. "कोयत्याला पैलवानाची मान पायजे अन् सुरीला सोनाराची बोटं," असं ते समजावत. ओट्याच्या कडेवर सुरी घासणाऱ्यांशी ते बोलत नसत. गल्लीत सायकलवर चाक घेऊन धारवाला आला की ते फाटकापाशी जाऊन उभे राहत. "हा धार लावीत न्हाई, सुरी खातो," एवढं त्याच्या देखत म्हणत. तो बिचारा आमच्या गल्लीत यायचा बंद झाला. खंडेनवमीला लोक मोटारसायकलींना हार घालत, तेव्हा अप्पा कॉलनीतल्या सगळ्या सुऱ्या ओसरीत मांडून पूजा करत. बोथट हत्याराला मात्र कुंकू लावत नसत. आमची सुरी तिथे दोनदा बिनकुंकवाची बसलेली मी पाहिली आहे.

त्यांच्या पत्नी, काकू, या सगळ्याकडे दुर्लक्ष करत. काकूंचं स्वतःचं एक मत होतं, आणि ते अप्पांच्या मतांइतकंच विचित्र होतं. त्या म्हणत, "लातूरची भाजी लई कवळी. औशात चिरताना हात बेजार व्हायचे, इथं तसं न्हाई." ज्या गावात पाण्याच्या टँकरमागे लोक धावले त्या गावची भाजी कोवळी, हे ऐकून माझी बायको सुनंदा चक्रावून जायची. दोघी एकाच बाजारातून गाजरं आणत. पण काकू शेवटपर्यंत मतावर ठाम राहिल्या, आणि त्या गेल्या तेव्हा सुनंदाला तो वाद अर्धाच राहिल्याचं वाईट वाटलं.

काकू गेल्यावर अप्पांचं सुऱ्या तपासणं वाढलं. आधी महिन्यातून एखादं घर व्हायचं, आता रोज एक होऊ लागलं. त्यातच त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हत्यारं बंद करायला सांगितलं. अप्पांनी गोळ्या घेतल्या.

"हात हलतोय," ते मला म्हणाले, "धार हलत न्हाई." सुरी पाटाला सुतळीने घट्ट बांधायची आणि दगड फिरवायचा, अशी नवी रीत त्यांनी काढली.

मग औशाचं लग्न झालं. म्हणजे लग्न दुसऱ्याचं होतं, पण कॉलनीत ते अप्पांच्याच नावाने ओळखलं जातं. मांडवामागे आचारी काकडी चिरत होता. अप्पांनी सवयीने सुरी मागितली, बोट फिरवलं आणि त्यांना राहवेना. दगड घरी होता. पण मोटारीच्या दाराची काच अर्धी खाली केली की तिची वरची कड खरखरीत असते, सुरीला बरोबर लागते, हे त्यांना ठाऊक होतं. मांडवाबाहेर एका गाडीची काच नेमकी अर्धी उघडी होती. गाडी प्रमुख पाहुण्यांची होती, आणि पाहुणे आत बसून फोनवर बोलत होते.

थरथरत्या हातात हातभर सुरी घेतलेला म्हातारा साहेबांच्या कानापाशी उभा आहे, हे त्यांच्या अंगरक्षकाने पाहिलं. पुढचं कुणीतरी मोबाइलवर टिपलं. त्यात दोन जणांनी दंड धरलेले असताना अप्पा स्पष्ट आवाजात म्हणतात, "तुमच्या साहेबाचं कायबी काम न्हाई मला. काचेचं हाय."

ते चित्रण नांदेडला पोचलं. नांदेडला अप्पांची एकुलती एक मुलगी रेखा राहते. एका कार्यालयात दिवसभर संगणकावर टंकलेखन करते. ती पहिल्या गाडीने आली.

"अप्पा, दोनच गोष्टी आहेत. एक तर ही हत्यारं द्या, नाहीतर घर बंद करा आणि माझ्याकडे नांदेडला चला."

"मी हितंच मरणार."

"मरायला बंदी नाही. सुऱ्यांना आहे."

बाप-लेकीच्या जिभेची धार एकाच दगडावरची होती. अप्पांनी हत्यारं द्यायची ठरवली, पण कचेरीच्या रीतीने. "पंचांसमोर हवाली करतो," म्हणाले. पंच मी. एकेक हत्यार तेल लावून, कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत गेलं, मागोमाग दगडही. बाभळीच्या मुठीची सुरी त्यांनी शेवटी ठेवली. पेटी आमच्या घरी आली. किल्ली रेखाने सुनंदाकडे दिली, माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. "पुन्हा काही झालं ना, तर मी विचारायला येणार नाही, न्यायला येईन," असं बजावून ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा पेटीला भेटायला येऊ लागले. तुरुंगात नातेवाइकाला भेटावं तसे. पेटीशेजारी खुर्ची ओढून बसत, झाकणावर हात ठेवत. "थंडी पडलीय सर, ओल लागंल." किल्ली त्यांनी एकदाही मागितली नाही. मागणं म्हणजे हरणं होतं. सुनंदा चहा देई. चहा संपला की ते कप उपडा करत आणि बुडाच्या बिनचकाकीच्या कडेवर आमचीच सुरी शांतपणे घासत बसत.

"अप्पा, रेखाला कळलं तर?" सुनंदा म्हणायची.

"दगड जप्त हाय. कप जप्त न्हाई."

आमचे सगळे कप बुडाला काळे झाले, आणि टोमॅटो पहिल्यांदाच फोडींत मिळू लागला.

मार्गशीर्षात येळवस आली. येळवशीच्या अमावस्येला लातूर शहरात माणूस सापडत नाही, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, करतात, आत चुन्याने रंगवलेल्या दगडांचे पांडव मांडतात, पूजा झाली की आंबील आणि सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी. भज्जी लोक घरून करून नेतात. अप्पांच्या रानात ती तिथेच होते, कारण घरी केली तर सुरी शेतात न्यायला निमित्त उरत नाही. दरवर्षी गाजर, वांगी, कांद्याची पात, भोपळा, सगळं अप्पा स्वतः चिरत. आम्ही पाहुणे. या वर्षी पेटी बंद होती.

रेखा नांदेडहून भाजी चिरायचं एक प्लास्टिकचं यंत्र घेऊन आली होती. डब्यात भाजी टाकायची आणि दोरी ओढायची. अप्पांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"कापतंय का?"

"कापतं. बघा तुम्ही."

तिने गाजरं टाकली. दोरी ओढली, पुन्हा ओढली, तिसऱ्या खेपेला दोरी तिच्या हातात आली आणि गाजरं होती तशी राहिली.  अप्पा कोपीकडे पाहत राहिले. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत अवघड संयम असावा.

बालाजीच्या घरची एक सुरी निघाली. तिच्यापुढे आमची जुनी सुरी तलवार म्हणावी लागेल. रेखा मांडी घालून गाजर चिरायला बसली. अंगाचा भार टाकून दाबावं लागत होतं. दोन गाजरं झाली आणि तिने सुरी डाव्या हातात घेतली. उजवं मनगट मांडीवर दाबून धरलं, पुन्हा सुरी बदलली. आम्ही गप्पा मारत होतो. अप्पा तिच्या हाताकडे पाहत होते.

"कधीपासून दुखतंय?"

"काही नाही. टायपिंगचं आहे."

"तुझ्या आईचं बी काही न्हाईच होतं."

ते उठले. तिच्या हातातून सुरी काढून घेतली, धारेवर आडवा अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळले.

"सर, गाडी कुठाय?"

मी रेखाकडे पाहिलं. सुनंदानेही पाहिलं. बालाजी आंबिलीचं मडकं उगाच हलवू लागला. लग्नाचं ते चित्रण त्यानेही पाहिलं होतं. रेखा एक शब्द बोलली की अप्पांचं लातूर संपणार होतं.

"रेखे, तू न्यायला आलीस तरी मी येतो," अप्पा म्हणाले. "पण ही सुरी असली ठेवून येत न्हाई."

रेखा उठली. ओढणीला हात पुसले, माझ्यासमोर हात पसरला. मी गाडीची किल्ली दिली. ती गाडीत बसली आणि चालकाच्या बाजूची काच अर्धी खाली घेतली.

"एवढी?"

"अजून जरा. हां. बस."

अप्पांनी सुरी काचेच्या कडेवर टेकवली. हात थरथरत होता, पातं काचेवर टिकटिक वाजत होतं. धार लागेना. ते थांबले, पुन्हा टेकवली, पुन्हा टिकटिक. तेव्हा रेखा बाहेर आली आणि तिने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"मी धरते. तुम्ही ओढा."

आवाज बदलला. लांब, सरळ, खसखस. 

"तुझ्या आईच्या बोटांत संधिवात होता," अप्पा सुरीकडे पाहतच म्हणाले. "जोर लावता येत नव्हता. सांगायची न्हाई. लातुरात आल्या आल्या एकदा भोपळा चिरता येईना म्हणून मागच्या दारी बसून रडली. तवापासून ती उठायच्या आधी रोज धार लावून ठेवायचो. धार असली की दाबावं लागत न्हाई."

"आईला माहीत होतं?"

"न्हाई. तिला वाटायचं, लातूरची भाजीच कवळी हाय. खामखा कशाला मोडायचं."

सुनंदा कोपीत गेली आणि काही न आणता परत आली.

रेखा पुन्हा भाजीपाशी बसली. गाजरावर सुरी ठेवली आणि नुसती ओढली. चकती पडली. आणखी एक पडली. मनगट मोकळं होतं. ती बराच वेळ मान खाली घालून चिरत राहिली.

"गाजर कवळं आहे," ती म्हणाली.

"हाव," अप्पा म्हणाले. "आपल्या रानातलं हाय."

परतल्यावर रेखाने सुनंदाकडून पेटीची किल्ली घेतली आणि अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. वर म्हणाली, "पण लग्नात नाही."

"बघू," अप्पा म्हणाले.

नांदेडला जाताना तिने बाभळीच्या मुठीची सुरी मागून घेतली, आणि तिच्या सुऱ्या आता कुणी येणारं-जाणारं असलं की धारेला लातूरला येतात.

माझ्या गाडीची ती काच तेव्हापासून पूर्ण वर चढत नाही.